बत्तीवाले आणि बॅटरीवाले

दुपारी सव्वातीनला मशीन बंद पडलं. आधी दोनदा बारीक ‘पीं पीं’ असा आवाज आला. मोजणीदारांनी वाकून पडद्याकडे पाहिलं, घाईघाईने एक बटण दाबलं, आणि पडदा काळा झाला. बांधाच्या पार टोकाला प्रिझमची काठी धरून उभ्या असलेल्या पोराला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो उन्हात डोळे किलकिले करून, काठी सरळ धरून तसाच उभा राहिला.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं शेत आणि बापूकाकांचं शेत यांच्यामधल्या बांधाची मोजणी होती. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बांध कुणी कोरला यावरून दोन्ही घरांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. आण्णांनी तातडीच्या मोजणीचे पैसे भरले होते, लगतधारकांना नोटिसा गेल्या होत्या, पंच म्हणून गावातली चार माणसं झाडाखाली येऊन बसली होती. साहेबांनी खोक्यातून दुसरी बॅटरी काढून बसवली. ती पाच मिनिटं चालली. “जुनी झालीय, मान टाकते,” ते म्हणाले. पहिली रात्री चार्जिंगला लावली होती, पण त्यांच्या गावात रात्रभर लाईट नव्हती.

सगळ्यात जवळचं बटण होतं बापूकाकांच्या वस्तीवर. चालत तीन मिनिटं. आण्णा तिथे जाऊन मागणार नव्हते, बापूकाका आपण होऊन देणार नव्हते, आणि साहेबही जाणार नव्हते. सकाळपासून त्यांनी दोन्ही घरांचा चहा नाकारला होता. एका बाजूची वीज कशी घेणार? मग आमच्या ट्रॅक्टरवाल्या पोराला कल्पना सुचली. “साहेब, ट्रॅक्टरची बॅटरी काढून देऊ का?” साहेब हसले. “याला याचीच लागते रे. बाहेरून जोडायची वायर असते, ती हापिसात आहे.”

झाडाखाली बसलेले तात्या तंबाखू मळत म्हणाले, “साखळीला कधी चार्जिंग लागलं न्हाई.”

पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली. त्या तीन महिन्यांत मी तात्यांच्या त्या वाक्यामागे लागलो. हा लेख त्यातून निघालाय.

साखळी म्हणजे आपल्याकडची ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनी सरकारच्या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात जमिनीची नव्याने मोजणी आणि आकारणी केली. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली, आणि आपले बहुतेक जुने नकाशे साखळीवरच उभे राहिले. साखळी उन्हात लांबते, कड्या झिजल्या की आणखी लांबते, ओढ्यावरून नेताना झोळ पडतो. पण तात्यांचं खरंच होतं. ती भाकरीवर चालायची. ओढणारी माणसं जेवली की साखळी दिवसभर तयार.

प्रश्न सुरू होतो तो माणूस चालत जाऊ शकत नाही तेवढं अंतर मोजायला लागल्यावर.

१० एप्रिल १८०२ला विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजायला घेतली. एक रेषा अगदी काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या डोंगरावरच्या खुणेचा कोन घ्यायचा, त्रिकोण पुरा करायचा, मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशभर जायचं. लॅम्बटनचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. तो स्वतः १८२३ साली, मोहीम चालू असतानाच, वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला एक गोष्ट लवकर कळली होती. दिवसा हवेत धूळ आणि उन्हाच्या झळा असतात, दूरची खूण थरथरते. रात्री दिवा लावला तर तो स्पष्ट दिसतो. मग दिवसा सूर्याचा कवडसा पाडणारा आरसा आणि रात्री परावर्तक लावलेले तेलाचे दिवे, अशी पद्धत बसली. त्या आरशाला हेलिओट्रोप म्हणतात. जर्मन गणिती गाउस याने तो १८२१मध्ये काढला. चार्जिंग न लागणारं मोजणीचं उपकरण हवं असेल तर ते हे: एक आरसा आणि वर सूर्य.

पण आरसा वळवायला आणि दिव्यात तेल घालायला डोंगरावर माणूस लागतो. सर्वे खात्यात या माणसांना खलाशी म्हणत. जहाजावरच्यांसारखंच. साहेब एका डोंगरावर यंत्र लावून बसलेला, आणि तीस-चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या डोंगरावर बत्तीवाला. त्याला साहेब दिसत नाही. आपला दिवा पोचतोय की नाही तेही कळत नाही. हवा खराब असेल तर दिवसामागून दिवस तिथेच काढायचे. वाऱ्याने दिवा विझला तर पलीकडच्याची अख्खी रात्र वाया. जंगलातल्या तापाने या माणसांपैकी कितीतरी मेली. नकाशावर लॅम्बटन आणि एव्हरेस्ट उरले. बत्तीवाल्याचं नाव एखाद्या डोंगराला दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

विजेवर चालणारी मोजणी पुढे जिथे जन्मली तो देश होता स्वीडन, आणि ज्या कंपनीने तिचं यंत्र विकलं तिचा मूळ धंदा दीपगृहांचा होता. कंपनीचं नाव आगा. दीपगृहं ॲसिटिलीन गॅसवर चालायची आणि गॅस भरायला बोट घेऊन खडकावर जावं लागायचं. आगाचा मुख्य इंजिनियर गुस्ताव दालेन याने दोन युक्त्या केल्या. पहिली, दिवा सतत जळत ठेवायचाच नाही, थोडा थोडा गॅस सोडून लुकलुकवायचा. खलाशांना दिसायला तेवढं पुरतं आणि बहुतेक गॅस वाचतो. दुसरी युक्ती १९०७ची. एक काळा दांडा आणि त्याच्याभोवती चकचकीत दांडे. दिवस उगवला की काळा दांडा जास्त प्रकाश शोषून तापतो, लांबतो आणि गॅसची झडप बंद करतो. अंधार पडला की आखडतो आणि झडप उघडते. आत तार नाही, चिप नाही, काही नाही. तुमच्या फोनचा पडदा अंधारात आपोआप मंद होतो ना, त्याचं हे फार आधीचं भावंड. दालेनला १९१२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका स्फोटात त्याची दृष्टी गेली होती, त्यामुळे पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ गेला. दिव्यासाठी नोबेल मिळालेला माणूस आंधळा. गोष्टीत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

तर ही कंपनी. आणि स्वीडनच्या सरकारी नकाशा खात्यात एरिक बर्गस्ट्रांड नावाचा माणूस होता. त्याला प्रकाशाचा वेग मोजायचा होता. प्रकाश विशिष्ट गतीने उघडझाप करत सोडायचा, ठाऊक असलेल्या अंतरावरच्या आरशावरून परत आणायचा आणि जाताना व येताना त्या उघडझापीत किती फरक पडला ते बघायचं. त्यातून वेग निघतो. मग हेच गणित उलटं केलं. वेग माहीत असेल तर अंतर निघेल. एक माणूस इथे, पलीकडे नुसता आरसा, आणि मधली दरी कुणी ओलांडायचीच नाही. जिओडीमीटर नावाने हे यंत्र आगाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलं.

आता यातली गंमत बघा. त्याचा दिवा उन्हापुढे फिका पडायचा, म्हणून काम रात्री. म्हणजे सव्वाशे वर्षांनी मोजणीवाले पुन्हा एव्हरेस्टच्या वेळापत्रकावर आले. यंत्र एकट्यादुकट्याने उचलायचं नव्हतंच, वर त्याच्यासोबत पेट्रोलवर चालणारा जनित्र न्यावा लागायचा. अंतर मोजायला माणसांना चालावं लागत नाही हे खरं, पण तेवढीच माणसं आता यंत्र आणि पेट्रोल वाहत होती.

दुसरी उडी दक्षिण आफ्रिकेतून आली. ट्रेव्हर वॅडली हा दरबानचा इंजिनियर. त्याने प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरी वापरल्या, साधारण दहा सेंटिमीटर लांबीच्या. त्या धुक्यातून जातात, धुळीतून जातात, दिवसा जातात, रात्री जातात. १९५७च्या सुमारास टेल्युरोमीटर जगापुढे आला आणि पन्नास किलोमीटरसारखी अंतरं काही सेंटिमीटरच्या फरकात मोजता यायला लागली. सर्वे खात्यांच्या दृष्टीने हा चमत्कार होता. जनित्राचीही गरज नव्हती. मोटारीत असते तशी शिशाची, ॲसिडची बॅटरी पुरायची.

पण जिओडीमीटरच्या पलीकडच्या टोकाला नुसती काच होती. टेल्युरोमीटरला दोन्ही टोकांना यंत्र लागायचं, दोन्हीकडे माणूस लागायचा आणि दोन्हीकडे बॅटरी. लहरींवरून दोघांना एकमेकांशी बोलताही यायचं. बत्तीवाल्याला शंभर वर्षांत पहिल्यांदा पलीकडच्या डोंगरावरून आवाज आला, असं म्हणायला हरकत नाही. मात्र दोघांपैकी एकाची बॅटरी बसली की दोघांचाही डोंगर चढणं फुकट. यंत्रात व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि लहरींचा ताल धरणारा स्फटिक एका ठरावीक तपमानाला तापवून ठेवावा लागायचा. म्हणजे मोजायला सुरुवात करण्याआधीच बॅटरी खर्ची पडायला लागायची. मग आधी वेळ ठरवायची, घड्याळं जुळवायची, ठरल्या वेळेलाच यंत्र सुरू करायचं, बोलायचं कमी आणि आकडे घ्यायचे भराभर. मोजणीतली शिस्त म्हणून जे शिकवलं गेलं, त्यातला बराच भाग मुळात बॅटरीची काटकसर होती असं मला वाटतं.

हे ओझं किती, त्याचा आपल्या खिशातल्या वस्तूशी हिशोब घालून बघू. तुमच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. १२ व्होल्ट, ६० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत ७२० वॅट-तास, म्हणजे अडतीसेक फोन. वजन पंधरा-सोळा किलो. आजच्या लिथियममध्ये तेवढीच वीज तीन किलोच्या आसपास बसते. बरं, शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची सोय नाही. रिकामी झाली आणि तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही. म्हणजे पंधरा किलो डोंगरावर न्यायचे आणि त्यातली जेमतेम निम्मी वीज वापरायची. आडवी केली तर ॲसिड सांडतं, म्हणून वाट कितीही अवघड असली तरी ती उभीच न्यायची. ज्याच्या पाठीवर सांडतं त्याचं नाव अहवालात नसतं.

तरी या बॅटरीचा एक गुण होता आणि तो आमच्या बांधावर मला नीट कळला. ती कुणाचीही असायची. जीपची काढा, लॉरीची काढा, गावातल्या गॅरेजमध्ये नेऊन भरून आणा. वॅडलीचं यंत्र त्या दिवशी आमच्या शेतात असतं तर त्या ट्रॅक्टरवाल्या पोराने पान्हा घेऊन दहा मिनिटांत मोजणी पुन्हा सुरू करून दिली असती.

यानंतरची क्रांती बॅटरीत झालीच नाही. ती दिव्यात झाली. १९६८मध्ये स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीने डिस्टोमॅट डीआय-१० आणला. त्यात गॅलियम आर्सेनाइडचा डायोड होता, तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्याच्या जातीचा. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, फार थोड्या विजेत टाकतो, आणि त्याची उघडझाप सरळ विजेच्या प्रवाहानेच करता येते. पल्ला जेमतेम किलोमीटरभर. टेल्युरोमीटरपुढे काहीच नाही. पण रस्ते, धरणं, कालवे, शेतं यांना किलोमीटर पुरतो. बॅटरी लहान झाली, काम दिवसा करता यायला लागलं आणि पलीकडे पुन्हा नुसती काच, म्हणजे प्रिझम. पुढच्या दहा वर्षांत अंतर मोजणारं यंत्र, कोन मोजणारं यंत्र आणि हिशोब करणारा छोटा संगणक एकाच डब्यात आले. त्या डब्याला टोटल स्टेशन म्हणतात. आमच्या बांधावर बंद पडलं ते हेच.

या डब्याच्या कुशीत बसवायला निकेल-कॅडमियमची बॅटरी आली. तीही मूळ स्वीडनचीच, वाल्डेमार युंगनरने १८९९मध्ये शोधलेली. हवाबंद, आडवी-उभी कशीही ठेवा, थंडीत बरी, धक्के खाणारी. फक्त तिला खोडी होती. रोज थोडीशीच वापरून पुन्हा पुन्हा भरली तर ती तेवढीच ‘लक्षात ठेवते’ आणि त्यापुढची वीज द्यायला कुरकुर करते, असा तिचा लौकिक झाला. हा प्रकार आधी उपग्रहांमधल्या बॅटऱ्यांमध्ये दिसला. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत दर फेरीला ठरावीक वेळ जातो, ठरावीक वीज वापरतो, पुन्हा भरतो. इतकं घड्याळासारखं वागल्यावर बॅटरीला सवय लागली. शेतात काम करणाऱ्याचा कुठलाही दिवस दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे त्याला ही भीती खरी तर फारशी नव्हती. पण सल्ला पसरला: बॅटरी पूर्ण संपवा, मगच भरा. झालं काय, की एका पॅकमध्ये पाच-सहा घट असतात आणि ते सगळे सारखे नसतात. शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं की सगळ्यात अशक्त घट आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा जातो. भीतीपोटी केलेल्या औषधानेच किती बॅटऱ्या मेल्या असतील कोण जाणे. तुमच्या घरी कुणीतरी अजून सांगतं ना, “फोन शून्यावर येऊ दे, मग लाव”? ते निकेल-कॅडमियमचं भूत. लिथियमला शून्यावर जाणं मुळीच मानवत नाही. तिला मधली स्थिती आवडते, आणि बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर निम्मी भरून, थंड जागी.

टोटल स्टेशन वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट अंगवळणी पडली. यंत्र जागेवर लावलं की आधी एका ठाऊक असलेल्या खुणेकडे रोखून त्याला दिशा सांगावी लागते. जुन्या यंत्रांपैकी अनेकांमध्ये वीज गेली की ही दिशा पुसली जायची. म्हणजे बॅटरी बदलायला एक मिनिट, पण मागची खूण पुन्हा बघून सगळं जुळवायला वीस मिनिटं. सुरुवातीच्या काही नोंदवह्या, म्हणजे आकडे साठवणारी यंत्रं, आपली स्मृतीही बॅटरीवरच तगवून ठेवायची. ती बॅटरी गेली तर दिवसभराचं काम गेलं. म्हणून जुने लोक एका पट्टीने चाललेले दिसतील: नव्या जागेवर यंत्र हलवण्याआधी बॅटरी बघायची, अर्धी राहिली असेल तरी बदलायची, आणि महत्त्वाचे आकडे कागदाच्या वहीत लिहायचे. आमचे साहेब तरुण होते, पण त्यांच्या खिशातही वही होती. म्हणून त्या दिवशीची निम्मी मोजणी तरी वाचली.

यंत्रं हुशार होत गेली तशी त्यांची भूकही वाढली. १९९०मध्ये जिओडीमीटर या जुन्या नावाने पहिलं यंत्रमानवी टोटल स्टेशन आलं. ते प्रिझमच्या मागे स्वतःच वळतं, त्यामुळे दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस लागत नाही. त्या माणसाच्या जागी मोटारी आल्या, रेडिओ आला आणि या दोघांना वीज. उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या पहिल्या पिढीच्या यंत्रांचं तर विचारूच नका. १९८०च्या दशकातलं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं एक जीपीएस यंत्र शंभर वॅटच्या घरात वीज खायचं. वरच्या हिशोबाने शिशाची ती सोळा किलोची बॅटरी त्याला सात तास पुरली असती, तीही मरेस्तोवर पिळली तर. आज मोजणीच्या काठीवर बसणारं रोव्हर नावाचं यंत्र काही वॅटमध्ये भागवतं. वर फिरणारे उपग्रहही बॅटरीवालेच आहेत. वर्षातून दोनदा त्यांच्या कक्षा अशा येतात की रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जावं लागतं. तेवढा वेळ सौरपट्ट्या निकामी आणि बॅटरीवर सगळा भार. तुमच्या फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका तेव्हाही हलत राहतो.

यातली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट नेपाळची आहे. ज्या शिखराला जॉर्ज एव्हरेस्टचं नाव चिकटलं त्याची उंची १८५०च्या दशकात काढली गेली ती त्याच्या पायथ्यालाही न जाता, दीडशेहून अधिक किलोमीटर दूरवरून घेतलेल्या कोनांवरून. ते गणित करणारा मुख्य माणूस राधानाथ सिकदर, कोलकात्याचा. उत्तर आलं २९,००२ फूट. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी नेपाळने ठरवलं, आपलं शिखर आपण मोजायचं. नेपाळच्या सर्वे खात्यातले खिमलाल गौतम आणि रबिन कार्की २२ मे २०१९ला पहाटे तीन वाजता शिखरावर पोचले. वेळ मुद्दाम तीनची. उजाडल्यावर वर गर्दी होते आणि मोजणीला शांत जागा लागते. त्या दिवशीच्या गर्दीचा, माथ्याखाली लागलेल्या रांगेचा फोटो तुम्ही पाहिला असेल, जगभर फिरला होता.

मोजणीवाले पुन्हा रात्री, पुन्हा डोंगरावर. फक्त इथे दिवा लावायचा नव्हता, उपग्रहांचे संदेश ऐकत बसायचं होतं. जितका वेळ ऐकाल तितकी उंची पक्की. आणि किती वेळ ऐकता येईल हे दोन गोष्टी ठरवतात: माणसाचा प्राणवायू आणि यंत्राची बॅटरी. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरीतला द्रव घट्ट होतो, आतला विरोध वाढतो, व्होल्टेज खाली येतं. यंत्राला वाटतं वीज संपली आणि ते मिटून घेतं. वीज आत असतेच, पण बाहेर येत नाही. बॅटरी अंगाशी धरून गरम केली की परत जिवंत होते. म्हणून बर्फात जाणारी माणसं बॅटऱ्या जॅकेटच्या आत, छातीशी ठेवतात. थंडगार असताना तिला चार्जिंगला मात्र लावायचं नाही, आतमध्ये लिथियम धातूचा थर जमतो आणि ती बिघडते. गौतम शिखरावर दोनेक तास राहिले. खाली आले तेव्हा हिमदंशाने त्यांच्या पायाच्या एका बोटाचा तुकडा गेला होता. ८ डिसेंबर २०२०ला नेपाळ आणि चीनने मिळून आकडा जाहीर केला, ८८४८.८६ मीटर. सिकदरांच्या उत्तरापेक्षा साधारण नऊ मीटर जास्त. सिकदरांना बॅटरी लागली नव्हती, पण त्यांच्यासाठी दिवे धरून बसलेले लोक होतेच.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१मध्ये विकायला काढली ती व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. मोजणीच्या यंत्रांकडे ती मागाहून आली. ती आली नसती तर ड्रोनने मोजणी झाली नसती, कारण शिशाची बॅटरी घेऊन काही उडत नाही. पुण्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२०ला केंद्राने देशभरासाठी स्वामित्व योजना आणली. ज्या घरांना कधी नकाशाच नव्हता त्यांना आता मिळकत पत्रिका मिळतात. ड्रोन एका बॅटरीवर वीस-तीस मिनिटं उडतो, मग उतरतो, बॅटरी बदलतो, पुन्हा जातो. गाव मोठं असेल तर किती बॅटऱ्या भरून आणल्यात, त्यावर ठरतं गाव आज होणार की उद्या.

एवढं वाचून झाल्यावरही मला त्या वायरचा राग येतो. शिशाची बॅटरी जड होती, घाणेरडी होती, पण तिला दोन टोकं होती आणि ती जगात कुठेही तीच होती. आता प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळ्या आकाराची, तिचा चार्जर वेगळा, मध्ये बसलेली चिप दुसऱ्या कुणाची बॅटरी ओळखत नाही. अशी बॅटरी जुनी होते तेव्हा नवी मागवायची, मंजूर व्हायची, यायची, यात दिवस जातात, आणि तोवर मोजणीदार जुन्या, मान टाकणाऱ्या बॅटरीवर दिवस काढतो. खांद्यावरचं ओझं गेलं हे चांगलंच झालं. पण अडल्यावर शेजाऱ्याकडून उसनं घ्यायची सोयही त्याच्याबरोबर गेली.

तीन महिन्यांनी साहेब परत आले. या वेळी तीन बॅटऱ्या होत्या, त्यातली एक त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या मित्राकडून मागून आणली होती. वायरही होती. ट्रॅक्टरवाला पोरगा मुद्दाम ट्रॅक्टर बांधाजवळ आणून उभा राहिला, पण त्याची गरज पडली नाही. दीड बॅटरीत सगळं झालं. साडेबाराला साहेबांनी खुणा ठोकल्या. रेषा आमच्या समजुतीपेक्षा दीड हात आमच्या बाजूला आली, म्हणजे बापूकाकांनी बांध कोरला नव्हता. उलट आमच्याच दोन सऱ्या त्यांच्यात होत्या. आण्णा काही बोलले नाहीत. ‘क’ प्रत आल्यावर त्यांनी ती दिव्याखाली धरून दोनदा वाचली आणि वरच्या कार्यालयाकडे निमताना मोजणीसाठी, म्हणजे फेरमोजणीसाठी, अर्ज केला. अर्जात त्यांनी पहिलंच कारण लिहिलं होतं: आधीच्या तारखेस यंत्राची बॅटरी मध्येच संपली होती, सबब मोजणी ग्राह्य धरू नये.